६५ मिलिमीटरचा आकडा आणि बिनतारी जाळ्यांचे शिक्षण



महाराष्ट्रात अतिवृष्टी झाली की नाही, हे एका आकड्यावर ठरते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी. पंचनामे, मदतीचे प्रस्ताव, खात्यावर जमा होणारे पैसे, सगळे त्या नोंदीच्या मागून येते. ही नोंद करणारे यंत्र मंडळात बहुधा एकच असते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर मंडळागणिक एक, अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. हे काम मोठे आहे, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण राज्याचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आहे. साधा भागाकार केला तर एका केंद्राच्या वाट्याला सुमारे दीडशे चौरस किलोमीटर येतात. पर्जन्यमापकाचे तोंड वीतभर रुंदीचे. त्या वीतभर तोंडात जे पडले, ते दीडशे चौरस किलोमीटरवर पडले, असे आपण धरून चालतो. विदर्भातला जून-जुलैचा पाऊस कसा पडतो, हे या सभागृहातल्या कोणालाही सांगायची गरज नाही. नाल्याच्या अलीकडचे वावर चिंब होते आणि पलीकडे धूळही बसत नाही. ज्या गावात नाला शेतातून वाहून गेला, त्या गावाचे मापक दहा-बारा किलोमीटरवर कोरडे उभे असू शकते, आणि मग कागदावर त्या गावात अतिवृष्टी झालेली नसते.

आजचा विषय अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा आहे. बिनतारी मेश जाळी आणि सेन्सरची जाळी हा विषय आपल्या विद्यापीठांत इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शाखांच्या वरच्या वर्गांत, बहुधा ऐच्छिक म्हणून शिकवला जातो. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तो या ६५ मिलिमीटरच्या आकड्यापासून शिकवायला सुरुवात व्हावी, आणि एक पूर्ण खरीप हंगाम शेतात घालवल्याखेरीज तो शिकवून झाला असे मानू नये. गावावर उपकार करावा म्हणून मी हे सुचवत नाही. हा विषय दुसऱ्या कोणत्याही रीतीने नीट शिकता येत नाही, असे त्या विषयाचा स्वतःचा पंचवीस वर्षांचा इतिहास सांगतो. तोच पुरावा मी आज मांडणार आहे.

आधी विषय काय आहे ते थोडक्यात पाहू. सेन्सर, छोटा प्रोसेसर, रेडिओ आणि बॅटरी एवढे एका डबीत बसवले की नोड तयार होतो. तो पाऊस, ओलावा, तापमान, वायू, कंप असे काहीतरी मोजतो आणि कळवतो. मुख्य केंद्रापर्यंत त्याचा आवाज पोहोचत नसेल, तर तो शेजारच्या नोडला निरोप देतो, शेजारी पुढच्याला देतो, आणि वाटेतला एखादा बंद पडला तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. हे मेश. गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कली इथल्या संशोधकांनी धुळीच्या कणाएवढ्या सेन्सरांची कल्पना मांडली आणि जगभर उत्साहाची लाट आली. विमानातून हजारो नोड उधळावेत, ते आपापसांत जाळे विणतील आणि वर्षानुवर्षे माणसाचा हात न लागता मोजत राहतील, असे चित्र पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या प्रकरणात आजही असते. मग लोक खरोखर बाहेर पडले. २००२ साली अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांचा अभ्यास करण्यासाठी ३२ नोड लावले गेले. पाणी, दमट हवा आणि बिघडलेले सेन्सर यांनी संशोधकांना जे शिकवले, ते कोणत्याही गणितात नव्हते. त्यानंतर काही वर्षांनी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी बटाट्याच्या शेतात, करपा रोगाचा अंदाज यावा म्हणून, शंभरहून अधिक नोडचे जाळे टाकले. हंगाम संपला तेव्हा अपेक्षित निरोपांपैकी केवळ २ टक्के हाती आले होते. त्या संशोधकांचा मोठेपणा असा, की त्यांनी २००६ साली आपल्या अपयशाचा सविस्तर वृत्तांत छापला. प्रोग्रॅममधल्या कोणत्या दोन भागांचे एकमेकांशी पटत नव्हते, कोणती चाचणी घाईत राहून गेली, हे सगळे त्यात आहे. माझ्या मते या विषयाचा अभ्यासक्रम त्या वृत्तांतापासून सुरू व्हायला हवा.

असे का घडते, याचे उत्तर सिम्युलेशनमध्ये सापडते. आपल्याकडच्या प्रकल्प-अहवालांत आणि एम.ई.च्या प्रबंधांत संगणकावर शंभर नोड एका चौरसात विखुरलेले असतात, एक प्रोटोकॉल दुसऱ्यापेक्षा १५-२० टक्के जास्त ऊर्जा वाचवतो, आणि आलेख काढून काम संपते. अशा कितीतरी प्रबंधांचे मूळ ‘लीच’ या नावाच्या प्रोटोकॉलमध्ये असते. एमआयटीतल्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी तो २००० साली मांडला. नोडांनी गट करावेत, गटप्रमुखपद आळीपाळीने फिरावे, म्हणजे एकाचीच बॅटरी संपणार नाही, ही त्यातली कल्पना सुंदर आहे. पण प्रत्येक नोडचा रेडिओ गरज पडली तर थेट केंद्रापर्यंत पोहोचू शकतो, हे त्यात गृहीत आहे. मूळ लेखकांनी ते लपवले नव्हते. पुढच्यांनी ते वारशाने घेतले आणि तपासायचे सोडून दिले. डार्टमथ कॉलेजातल्या डेव्हिड कोट्झ आणि सहकाऱ्यांनी २००४च्या सुमारास अशा गृहीतकांची यादीच केली: जग सपाट आहे, रेडिओचा पल्ला वर्तुळाकार आहे, सगळ्या रेडिओंचा पल्ला सारखा आहे, मला तुझे ऐकू येते म्हणजे तुला माझे ऐकू येते, ऐकू येते म्हणजे पूर्ण ऐकू येते, आणि सिग्नलची ताकद फक्त अंतरावर अवलंबून असते. त्यांनी लॅपटॉप घेऊन उघड्या मैदानात प्रयोग केले आणि यातले काहीही खरे नाही हे दाखवले. आपल्या देशातही हा सूर निघाला. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी, आयआयटीत प्रत्यक्ष जाळी उभारण्याचा अनुभव गाठीशी घेऊन, २००८ साली सेन्सर जाळ्यांच्या एकूण संशोधनावर कडक टीका केली. खरा वापर कोणता हे न ठरवता गुंतागुंत वाढवत नेली जाते, आणि खऱ्या वापराकडे पाहिले तर बरेचदा साधी रचना पुरते, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. ती टीका पचवून अभ्यासक्रम बदललेले विभाग आपल्याकडे किती आहेत, हा प्रश्न प्रत्येक प्राध्यापकाने स्वतःला विचारावा.

आता ही गृहीतके यवतमाळच्या शिवारात आणून पाहू. पुसदच्या बाजूला डोंगर आहेत, यवतमाळ शहर पठारावर आहे, वर्धा आणि पैनगंगेकडे जमीन उतरत जाते. जग सपाट नाही, हे इथे पहिल्या दिवशीच कळते. जूनमध्ये, पेरणीच्या वेळी, वावर उघडे असते आणि दोन फूट उंचीवर लावलेल्या रेडिओचा पल्ला बरा वाटतो. विद्यार्थी खूश होऊन नोंद करतो. ऑक्टोबरमध्ये पऱ्हाटी छातीएवढी होते, मधल्या ओळींत तूर त्याहून वर जाते, आणि तोच दुवा तुटतो. पानांतले पाणी लहरी शोषून घेते. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते, तर आपल्या देशात २००५ पासून परवान्याविना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर सुमारे ३५ सेंटिमीटरची. लांब लहर पिकातून तुलनेने बरी वाट काढते. एवढे पुस्तकात असते. पण एक किलोमीटरच्या दुव्याला या पट्ट्यात मधोमध सुमारे नऊ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा हवा, हे गणित फळ्यावर सोडवणारा विद्यार्थी बांबू किती उंच हवा हे सहसा विचारत नाही. शेतात गेला की पहिला प्रश्न बांबूचाच असतो. बांबू उंच केला की वारा, वीज आणि माकडे येतात. धुऱ्यावर लावला तर डवरणीच्या वेळी बैलजोडीच्या आड येतो. वावरात लावला तर शेतकऱ्याची परवानगी हवी, आणि ती मागताना ‘याचा मला काय उपयोग’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. या प्रत्येक गोष्टीने जाळ्याची रचना बदलते. म्हणून त्या अभ्यासक्रमाबाहेरच्या अडचणी आहेत, असे मी मानत नाही.

सेन्सरांचेही तसेच आहे. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हात फाटते. जमिनीतला ओलावा विद्युत गुणधर्मावरून मोजणारी स्वस्त पट्टी कारखान्यातून येते तेव्हा ती वेगळ्याच मातीसाठी जुळवलेली असते. आपल्या चिकण मातीत तिचा आकडा चुकतो, आणि पट्टीच्या बाजूला भेग पडली की ती मातीऐवजी हवा मोजू लागते. ओव्हनमध्ये वाळवलेल्या मातीच्या वजनाशी ताडून पाहिल्याखेरीज त्या आकड्याला काही अर्थ नाही. पर्जन्यमापकात एक डोलणारी वाटी असते. ०.२ मिलिमीटर पाऊस भरला की ती कलंडते आणि एक ठोका मोजला जातो. म्हणजे ६५ मिलिमीटर हे ३२५ ठोके. वाटी कलंडत असताना वरून पडणारे पाणी मोजणीतून निसटते, आणि पाऊस जितका जोराचा तितके जास्त निसटते. म्हणून हे यंत्र मुसळधार पावसातच कमी मोजते. खरा पाऊस ६७ मिलिमीटर असेल आणि ५ टक्के निसटले, तर नोंद ६३ आणि काही अंश होते. ६५च्या रेषेखाली. त्यात नरसाळ्यात पान अडकले, कोळ्याने जाळे विणले, पक्षी बसला, तर विचारायलाच नको. हे दोष जगभर माहीत आहेत, त्यांच्या दुरुस्त्याही माहीत आहेत. पण ज्या पदवीधराने आपल्या हाताने मोजलेले पाणी वाटीत ओतून ठोके मोजले आहेत, त्यालाच त्या ६३ची शंका येईल. आकडा पडद्यावर दिसला की तो खरा, अशा समजुतीत चार वर्षे काढलेल्याला येणार नाही.

याच कामातून विषयाचे गणितही जिवंत होते. दोन पेन्सिल सेलमध्ये अडीच हजार मिलिअँपिअर-तास धरले आणि रेडिओ ऐकताना २० मिलिअँपिअर खात असेल, तर सतत जागा राहिलेला नोड पाच दिवसांत मरतो. शंभरातला एकच भाग वेळ जागा राहिला तर वर्षाहून अधिक टिकतो. म्हणजे या विषयाचे अर्धे शास्त्र झोपेचे आहे. सगळे झोपलेले असताना निरोप कोणी कोणाला द्यायचा? घड्याळे जुळलेली हवीत, आणि स्वस्त स्फटिकाचे घड्याळ दिवसाला सेकंद-दोन सेकंद सहज सरकते; उन्हात तापलेल्या डबीत त्याची चाल आणखी बदलते. तसेच टप्प्यांचे गणित. प्रत्येक दुवा दहापैकी नऊ निरोप पोहोचवत असेल तर तो चांगला वाटतो; असे सहा टप्पे ओळीने आले की शेवटी निम्म्याहून थोडेच जास्त निरोप पोहोचतात. प्रत्येक टप्प्यावर एकदा पुन्हा पाठवायची सोय केली की हे प्रमाण ९४ टक्क्यांवर जाते, पण बॅटरीचा खर्च वाढतो. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली सिद्ध केले, की जाळ्यात नोड वाढत जातात तसतशी प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता घटत जाते, आणि कितीही हुशार प्रोटोकॉल काढला तरी ती घट टळत नाही. हा निकाल समजलेला विद्यार्थी मेश सगळीकडे लावू पाहणार नाही. एका मंडळातले वीस पर्जन्यमापक दर पंधरा मिनिटांनी चार अंक पाठवणार असतील आणि मधोमध एखादी पाण्याची टाकी असेल, तर टाकीवर एक लांब पल्ल्याचा ग्राहक ठेवून सगळ्यांनी थेट त्याच्याशी बोलावे, हेच बहुधा योग्य ठरते. टेकडीआडच्या दोन-तीन मापकांपुरता मेश लागेल. याउलट, याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या ज्या वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवली, तो तेलंगणातून आणि महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांतून १,३०० किलोमीटरहून अधिक चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याला वाटेत शेजारी नोड भेटणार नव्हता, म्हणून तिथे उपग्रहाची जोड योग्य होती. वणीच्या भूमिगत खाणीत मात्र उपग्रह दिसत नाही आणि रेडिओ वळणावर अडतो. तिथे टप्प्याटप्प्याने निरोप देण्याला पर्याय कमी. एकाच जिल्ह्यात तीन प्रश्न आणि तीन वेगळी उत्तरे. प्रश्नावरून रचना ठरवायची सवय लागावी, यासाठी यवतमाळइतकी सोयीची जागा मला तरी दिसत नाही.

काय मोजावे, हेही इथेच शिकायला मिळते, आणि या मुद्द्यावर मी आग्रही आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी नाशिकच्या सुला द्राक्षबागेत ‘ॲग्रिसेन्स’ नावाचे जाळे लावले होते. द्राक्षाला ठिबक आहे, पाणी कमी-जास्त करता येते, पिकाला भाव आहे. तिथे मुळांजवळचा ओलावा कळणे म्हणजे लगेच काही करता येणे. यवतमाळची कपाशी बहुतांश कोरडवाहू आहे. ओलावा घटतो आहे हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळवले, तरी विहिरीत पाणी नसेल तर तो त्या माहितीचे काय करणार? नाशिकचा प्रकल्प जसाच्या तसा उचलून इथे आणणे ही चूक होईल. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि स्वित्झर्लंडमधल्या सहकाऱ्यांनी २००४च्या सुमारास कर्नाटकातल्या पावगड तालुक्यात, आपल्यासारख्याच कोरडवाहू भागात काम सुरू केले, तेव्हा आधी शेतकऱ्यांच्या गरजांची पाहणी केली. पाहणी आधी आणि सर्किट नंतर, ही रीत आपण घ्यावी. माझ्या विचाराने आपल्या जिल्ह्यात मोजण्याजोग्या दोन गोष्टी आधी येतात. एक पाऊस, कारण त्यावर मदत अवलंबून आहे. दुसरी गुलाबी बोंडअळीचे पतंग. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, असा निकष कृषिशास्त्रज्ञांनी दिला आहे. २०१७ साली बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली, आणि त्याच हंगामात कीटकनाशकाच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. केव्हा फवारायचे आणि केव्हा नाही, हे मोजून कळले तर एखादी फवारणी वाचते, आणि इथे वाचलेल्या फवारणीची किंमत रुपयांपलीकडची आहे. सापळ्यातले पतंग कमी बॅटरीत मोजणे ही सोपी गोष्ट नाही. म्हणूनच ती शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या तोलाची आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे यवतमाळचे संशोधन केंद्र यांचा सल्ला त्यासाठी घेता येईल.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा, की प्रत्येक खिशात मोबाइल असताना, प्रत्येक मापकात सिमकार्ड टाकण्याची सोय असताना, ही जाळ्यांची उठाठेव कशाला? टॉवरचा सिग्नल खात्रीचा असेल तिथे सिमकार्डच टाकावे, हे मी आनंदाने मान्य करतो. पण झरी-जामणीच्या, पैनगंगा आणि टिपेश्वरच्या जंगलपट्ट्यात ती खात्री देता येत नाही. आणि जुलै २०२३ आठवा. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. अशा रात्री वीज जाते, टॉवर स्वतःच्या बॅटरीवर काही तासच चालतो, आणि वरच्या अंगाला नाल्यात किती पाणी चढले हे कळण्याची गरज नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त असते. नेहमीच्या दिवसासाठी मोबाइल आणि त्या रात्रीसाठी स्वतंत्र बिनतारी दुवा, अशी दुहेरी रचना करायला शिकवावे लागेल.

दुसरा आक्षेप रडारचा. नागपूरला हवामान खात्याचे डॉप्लर रडार आहे, ते सगळ्या विदर्भाचा पाऊस पाहते, मग जमिनीवर वीस मापके कशाला? रडारचा किरण किंचित वर तिरपा निघतो आणि पृथ्वी खाली वळत जाते. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, म्हणजे यवतमाळवर, तो जमिनीपासून दोन किलोमीटरहून अधिक उंचीवर असतो. तिथे दिसलेले थेंब खाली येईपर्यंत वाऱ्याने सरकतात, काही वाटेत विरतात. रडारचा अंदाज मिलिमीटरमध्ये आणायला जमिनीवरची मापकेच लागतात. ती दाट असली की रडारही अधिक उपयोगी ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘विंड्स’ नावाची योजना आणली. तिच्यात ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचे धोरण आहे. सरकारच मापके बसवणार असेल, तर विद्यार्थ्यांनी कशाला खटपट करायची? माझे उत्तर असे, की त्या योजनेमुळे हा अभ्यासक्रम अधिकच निकडीचा होतो. यंत्र बसवणे हे एक दिवसाचे काम. ते दहा वर्षे खरे बोलत ठेवणे हे दहा वर्षांचे. हजारो मापकांच्या नरसाळ्यातले पान कोण काढणार, वाटी कोण जुळवणार, शेजारच्या चार मापकांशी न जुळणारा आकडा कोण हेरणार? त्यासाठी जिल्ह्यातच माणसे लागतील. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आणि यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून अभियंते घडवत आहेत. ती माणसे तिथूनच यायला हवीत.

काही जण म्हणतील, मुलांना पुण्या-बंगळुरूत नोकरी हवी आहे, पर्जन्यमापकाची वाटी साफ करून कोण नोकरी देणार? आईवडिलांनी जमीन गहाण टाकून शिकवलेल्या मुलासाठी हा प्रश्न खराच आहे, तो झटकून टाकता येत नाही. पण कंपन्या कशाला पैसे देतात ते पाहावे. पाण्याचे मीटर, विजेचे स्मार्ट मीटर, कारखान्यातली यंत्रे, गोदामे, सगळीकडे हेच रेडिओ, हीच बॅटरी, हाच ‘कालपर्यंत चालत होते, आज का बंद पडले’ हा प्रश्न. शंभर दिवस उन्हा-पावसात वीस नोड चालवलेला विद्यार्थी मुलाखतीत दाखवू शकतो, की त्याचा कोणता नोड केव्हा आणि का मेला. उसने घेतलेले सिम्युलेशन दाखवणाऱ्याकडे ते नसते.

आणखी एक शंका अशी, की विद्यार्थ्यांच्या मापकाची नोंद सरकारदरबारी चालणार नाही. ती चालू नये, असेच माझेही मत आहे. ज्या आकड्यावर पैसे अवलंबून आहेत, तो हौशी जाळ्यातून येऊ नये, कारण चुकीचा आकडा शेतकऱ्याच्या बाजूने जसा चुकू शकतो तसाच विरुद्धही चुकू शकतो. या जाळ्याचे काम निराळे आहे: एका मंडळात एकाच दिवशी पाऊस ठिकठिकाणी किती वेगवेगळा पडतो, याचा चुकीच्या मर्यादेसह नकाशा काढणे. एका मापकाने दीडशे चौरस किलोमीटरबद्दल किती खात्रीने बोलता येते, हा संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रसिद्ध झाले, की मंडळाचा निकष कसा असावा यावर पुराव्यानिशी बोलता येईल. सिम्युलेशन टाकून द्या, असेही मी म्हणत नाही. शंभर नोडांचे काय होईल हे वीस नोडांवरून ताडायला ते लागतेच. फक्त त्यातले दुव्यांचे आकडे आपल्या शिवारात मोजलेले असावेत.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि इथे योगायोगाने आपली सोय झाली आहे. विषम सत्र पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आसपास परीक्षेला येते. कपाशीचा हंगामही साधारण तोच. पहिले तीन आठवडे दोनच रेडिओ घेऊन दुवे मोजावेत: उघड्या जमिनीवर, तुरीच्या ओळीतून, नाल्यापलीकडून, पाऊस पडत असताना. पुढे वीस मापके, प्रत्येकाशेजारी हाताने मोजायचे साधे काचेचे मापक. आठवड्याला एक फेरी आणि प्रत्येक बिघाडाची तारीखवार नोंदवही. गुण द्यायचे ते या वहीला, जाळे किती दिवस अखंड चालले याला नव्हे. नाहीतर बिघाड लपवले जातील. एका तुकडीने मे महिन्यात निरोप घेतला की नोड डब्यात जातात आणि वही हरवते, ही आपल्या प्रकल्पांची जुनी व्यथा आहे. त्यासाठी विभागात एक कायम तंत्रसहायक हवा आणि वही ग्रंथालयात दाखल व्हायला हवी, म्हणजे पुढची तुकडी शून्यापासून सुरुवात करणार नाही. राज्याच्या तंत्रशिक्षण विभागाने २०१६ पासून ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’त महाविद्यालयांनी स्थानिक प्रश्नांवर काम करावे अशी चौकट आखून दिली आहे, तिचा आधार घेता येईल. बाभूळगाव तालुक्यातले बेंबळा प्रकल्पाच्या बाजूचे एखादे मंडळ पहिल्या वर्षासाठी निवडावे. जमीन बरीच सपाट, गावे जवळजवळ, यवतमाळहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. दुसऱ्या वर्षी पुसद-महागावचा डोंगराळ भाग घ्यावा, कारण मेशची खरी गरज तिथे पडेल. अमरावती विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने येत्या जूनच्या आधी एवढा एक ऐच्छिक विषय प्रात्यक्षिकासह मंजूर करावा, अशी विनंती मी या व्यासपीठावरून करतो.